कबरीवरचा सब्जा

येत्या जुलैत आमच्या ह्यांना जाऊन तीन वर्षं होतील. एसटीच्या वर्कशॉपात 33 वर्षं नोकरी केली, पण मोहल्ल्यात त्यांची ओळख एकच: झाडवाले चाचा. नखांतली माती वुजू करताना घासून घासून काढायचे, तरी थोडी राहायचीच.

आमचं अंगण जेमतेम चारशे चौरस फुटांचं. त्यात मोगरा, लिंबू, कढीपत्ता, शेवगा, पोरींसाठी मेंदी आणि कडेकडेनं सब्जा. रमजानमध्ये इफ्तारच्या सरबतात घालायला सब्जाचं बी आम्ही कधी विकत आणलं नाही. चहाचा चोथा आणि भाजीची देठं फेकायची नाहीत, हा घरचा कायदा. बकरी ईदच्या आधी दारात बोकड बांधला की त्याच्या लेंड्या हे रोज सकाळी गोळा करायचे, मगच चहा.

निवृत्तीनंतर त्यांनी कबरस्तान हाती घेतलं. तिथे घाणेरी आणि काँग्रेस गवत इतकं माजलं होतं की पावसाळ्यात जनाजा न्यायला वाट सापडत नसे. ते सगळं उपटून त्यांनी भिंतीच्या कडेनं कडुनिंबाची बारा रोपं लावली. मशीद शेजारीच आहे. वुजूचं पाणी गटारात जायचं, ते पाइप टाकून झाडांपर्यंत आणलं. बारापैकी नऊ जगली. 'या वयात कशाला राबता? सावली तुम्हाला थोडीच मिळणार?' असं कुणी विचारलं की हे हदीस सांगायचे: कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असेल, तर जमल्यास ते लावून टाका.

आज उन्हाळ्यात जनाज्याला आलेली माणसं त्याच कडुनिंबांखाली उभी राहतात.

हे गेल्यावर चाळिसाव्याच्या आधीच पाहुण्यांत चर्चा सुरू झाली. कबर पक्की करू, संगमरवर लावू, नाव कोरू. प्रेमापोटीच बोलत होते सगळे. मी नको म्हणाले. एक तर कबरीला चुना-गिलावा करायला आणि त्यावर बांधकाम करायला पैगंबरांनी (स.) मनाई केल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. दुसरं म्हणजे जागा. आपली कबरस्तानं आहेत तेवढीच राहणार, आणि दरवर्षी दोन-चार कबरी पक्क्या होत गेल्या, तर उद्या गरिबाच्या मयतीला जागा कुठून आणणार? जन्मभर माती भुसभुशीत करत आलेल्या माणसावर सिमेंट ओतायचं मला पटेना. मुलानं मातीच्या कबरीवर आमच्याच अंगणातलं सब्जाचं बी टाकलं.

इद्दतीचे चार महिने दहा दिवस मी घरातच होते. रोज पहाटे फजरनंतर अंगणात पाणी घालायचे. कुठल्या झाडाला किती, हे मला कधी शिकवलं नव्हतं, पण चाळीस वर्षं बघत आले होते. त्या दिवसांत मला सांत्वनापेक्षा त्या कामानं जास्त सावरलं.

आता मनातलं बोलते. आमच्या जमातीत बायका कबरस्तानात जात नाहीत. कबरींची जियारत आधी मना होती, पुढे पैगंबरांनीच (स.) परवानगी दिली, हे सर्वांना ठाऊक आहे. ती बायकांना लागू आहे की नाही, यावर उलेमांत मतभेद आहेत, हेही मला ठाऊक आहे. पण जिथे मतभेद आहेत, तिथे दार थोडं उघडायला काय हरकत आहे? मला तिथे आक्रोश करायचा नाही. पाणी घालायचं आहे. मुलगा शिफ्टच्या नोकरीत. एप्रिल-मेमध्ये सब्जा वाळून जातो आणि मी भिंतीबाहेरून कडुनिंबांचे शेंडे बघून परत येते.

संगमरवर बसवला की माणसं मोकळी होतात. सब्जाला मात्र कुणीतरी सारखं जावं लागतं. आठवण ठेवणं म्हणजे मला तरी हेच वाटतं.

आपापल्या जमातीत हा विषय काढा. पक्क्या कबरीचा खर्च झाडांकडे वळवा, आणि आठवड्यातला एखादा तास बायकांना ठेवा. यंदाच्या पावसासाठी मी बियांची पुडी बांधून ठेवली आहे. या वेळी ती मुलाच्या हाती देणार नाही. स्वतः घेऊन कबरस्तानाच्या फाटकापर्यंत जाईन आणि जमातीच्या लोकांना विचारीन.