खर्ज कुठे घुमतो, कुठे हरवतो

मैत्रिणींनो, घरात होम थिएटर आलं की पहिले आठ दिवस कौतुकात जातात आणि मग कुरबुर सुरू होते. यजमान खोलीच्या मधोमध सोफ्यावर बसून म्हणतात, "दमच नाही या वूफरमध्ये," आणि आवाज वाढवतात. त्याच वेळी भिंतीलगतच्या दिवाणावरून सासूबाई सांगतात, "अरे, छातीत धडधडतंय." मग आईंना काही सहन होत नाही असं ठरतं आणि आणखी मोठा वूफर आणायचा बेत होतो. बेत चांगला खर्चाचा असतो, म्हणून आधी एवढं ऐका. दोघंही खरंच बोलत असतात. दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो, वयाचाही नसतो. तो खोलीचा असतो.

परातीत पाणी घ्या आणि ती दोन्ही हातांनी हळूहळू इकडून तिकडे हलवा. कडेचं पाणी वर-खाली होतं, मधलं मात्र जवळजवळ स्थिर राहतं. बंद खोलीत खर्जाचं तसंच होतं. 40 हर्ट्‌झचा स्वर घेतला, तर त्याची एक लाट सुमारे 28 फुटांची असते. एवढी लांब लाट आपल्या खोलीत मावणार कुठे? ती भिंतीवर आपटून परत फिरते, जाणारी आणि येणारी लाट एकमेकींत मिसळतात. त्यामुळे काही स्वर भिंतीशी घुमतात आणि मध्यावर हरवतात. आपल्याकडच्या विटा-सिमेंटच्या भिंती खर्ज फारसा शोषतही नाहीत.

तुमच्या खोलीत मुख्यतः कोणता स्वर घुमतो, हे साध्या भागाकाराने कळतं. खोलीची लांबी फुटांत मोजा आणि 565 ला त्या आकड्याने भागा. 12 फुटांना 47 हर्ट्‌झ, 15 फुटांना 38. रुंदीचंही असंच काढा. खोली चौरस असेल तर दोन्ही उत्तरं एकच येतात आणि घुमाराही एकाच स्वरावर साठतो.

आता उपाय. यातले पहिले चार बिनपैशाचे आहेत.

एक. वूफरचं बटण बंद करून ती पेटी सोफ्यावर, आपण नेहमी बसतो त्या जागी ठेवा. खर्ज वर-खाली फिरणारं एखादं गाणं बेताच्या आवाजात लावा. मग भिंतीच्या कडेने ओणवं होऊन, कान पेटीच्या उंचीवर ठेवून फिरा. जिथे सगळे स्वर सारखे ऐकू येतील तिथे खडूने खूण करा आणि पेटी तिथे ठेवा. पेटी आणि कान यांची अदलाबदल केली तरी ऐकू येतं सारखंच, म्हणून ही युक्ती साधते. मुलांना सांगा, ती आनंदाने रांगतील!

दोन. पेटी कोपऱ्यात असेल तर थोडी बाहेर काढून पाहा. कोपऱ्यात खर्ज मोठा होतो, पण घुमारेही तिथेच सर्वांत जास्त उठतात. आवाज कमी वाटला तर वूफरचं बटण किंचित वाढवा.

तीन. बैठक भिंतीला चिकटवू नका. दीड-दोन फूट पुढे ओढा. अगदी मध्यावरही नको. मग घरातल्या प्रत्येकाच्या जागी स्वतः बसून ऐका. आजींची जागा त्रासाची निघाली तर दिवाण हलवा, आजींना उठवू नका.

चार. वूफरच्या मागे फेजची 0 आणि 180 अशी कळ असते. कुणाला तरी ती फिरवायला सांगा आणि आपल्या जागी बसून ज्यात खर्ज भरीव वाटेल ती ठेवा. बोलण्याचे आणि खर्जाचे स्वर वेगळे करणारं बटण असेल तर सुरुवात 80 हर्ट्‌झपासून करा.

खर्च करायचाच असेल तर एका मोठ्या वूफरऐवजी दोन लहान घ्या आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवा. एकाची उणीव दुसरा बरीचशी भरून काढतो आणि सगळ्यांना जवळपास सारखं ऐकू येतं. काही यंत्रांबरोबर खोलीचा आवाज मोजणारा माइक येतो. त्याने घुमारा कमी करता येतो. हरवलेला स्वर मात्र जोर लावून परत येत नाही.

पातळ स्पंज, अंड्यांचे ट्रे, नुसते पडदे यांवर पैसे घालवू नका. त्यांनी फार तर वरच्या पट्टीचे आवाज मऊ होतात. खर्ज त्यांना दाद देत नाही. कोपऱ्यात गाद्यांची जाड चवड रचली तर थोडा फरक पडतो. शोकेसच्या काचा आणि कपाटाची दारं थरथरत असतील तर कडांना नमद्याच्या पट्ट्या चिकटवा. पुष्कळदा आपण ज्याला खर्ज म्हणतो तो त्यांचाच खडखडाट असतो.

आणि हो, पेटीखाली रबरी तुकडे ठेवले तर जमिनीतून जाणारी थरथर काहीशी कमी होते, पण भिंतीपलीकडे खर्ज जातोच. शेजारी कुणाचं मूल परीक्षेचा अभ्यास करत असेल, कुणी आजारी असेल. एकदा सिनेमा चालू ठेवून जिन्यात उभं राहून ऐका. आवाज किती ठेवायचा ते तिथेच कळेल.