तिरप्या कमरेची गिटार

शहापूर हें गांव नागपुराहून भंडाऱ्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर, भंडारा येण्यापूर्वीं लागतें. तेथें आमच्या वडील भगिनी राहतात. गेल्या चैत्रांत त्यांनीं आम्हांस फोन करून मुद्दाम बोलावून घेतलें. “तूं ये आणि तुझ्या भाचीची समजूत घाल, तिची पटली नाहीं तर माझी घाल,” असें त्यांचें म्हणणें. भाचीस इलेक्ट्रिक गिटार घ्यावयाची होती, आणि तीही नेहमींच्या घाटाची नव्हे, तिरप्या कमरेची.

वाद्यांच्या खरेदीविषयीं आम्हीं या सदरांत पूर्वीं लिहिलें आहे तें पेटी, तंबोरा, तबला यांच्यासंबंधानें. इलेक्ट्रिक गिटारीवर लिहिण्याचा प्रसंग येईल असें वाटलें नव्हतें. परंतु ज्या घरांत असा हट्ट धरला गेला आहे अशीं घरें आमच्या वाचकांत आतां थोडीं नसावींत. म्हणून ही हकीकत जरा सविस्तर देत आहों.

आमचे मेहुणे जाऊन दोन वर्षें झालीं. तेव्हांपासून भाची पुण्याची खोली सोडून आईजवळ येऊन राहिली आहे व नोकरीचें काम घरूनच संगणकावर करते. घरांत तिची आजी, म्हणजे ताईंच्या सासूबाई, आहेत. वय वर्षें ८४, झोंप अगदीं सावध. त्यांच्या आणि भाचीच्या खोलीमध्यें एक पातळ भिंत. भाचीजवळ पोकळ पेटाऱ्याची साधी गिटार आहे. “मामा, दिवसा काम असतें आणि रात्रीं वाजवितां येत नाहीं. दोन वर्षें ती गिटार मी नुसती पुसून ठेवतें,” असें ती म्हणाली तेव्हां ताई कांहीं बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें मात्र म्हणाल्या, “तेवढ्या पैशांत मागल्या पडवीचें छप्पर होतें.” दोघींचेंही म्हणणें खरें होतें. पैसे भाचीच्या पगारांतले, पण छप्पर सगळ्यांच्या डोक्यावरचें.

इलेक्ट्रिक गिटार म्हणजे गोंगाट, ही ताईंची समजूत प्रथम दूर करावी लागली. खरी गोष्ट उलट आहे. तिचें अंग भरीव लांकडाचें असल्यामुळें तारेचा नाद वाढविणारी पोकळी तिला नाहीं. तारांखालीं चुंबकांभोंवतीं तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. त्यास ‘पिकअप’ म्हणतात. पोलादी तार हालली कीं त्या वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो ध्वनिवर्धकांत नेला म्हणजे आवाज होतो. ध्वनिवर्धक लावलाच नाहीं तर ती साध्या गिटारीपेक्षां पुष्कळ हळू वाजते, आणि कानाला हेडफोन लावला तर भिंतीपलीकडच्या माणसाची झोंप मोडत नाहीं. हें ऐकून ताईंचा निम्मा विरोध मावळला. उरला तो छपराचा. त्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

‘हें वाद्य आपलें नव्हे,’ असा एक आक्षेप त्या दिवशीं घरीं आलेल्या एका गृहस्थांनीं काढला. पेटी तरी कोठें आपली होती? ती युरोपांतून आली. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला जीं दारें बंद केलीं तीं १९७१ सालापर्यंत उघडलीं नाहींत. तेवढ्या काळांत महाराष्ट्रांतल्या नाट्यगृहांतून आणि भजनी मंडळांतून तिला कोणी हद्दपार केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. आणि १९६७ सालीं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हां शिवकुमार शर्मांचें संतूर व हरिप्रसाद चौरसियांची बांसरी यांच्या पंक्तीस ब्रिजभूषण काब्रांची गिटारच होती. गृहस्थांनीं चहा घेतला व विषय बदलला.

आतां मुख्य मुद्दा, कमरेचा. नेहमींच्या गिटारीच्या अंगाला दोन्ही बाजूंस समोरासमोर खळगे असतात. ‘ऑफसेट’ गिटारीचे हे खळगे एकमेकांपासून सरकविलेले असतात. त्यामुळें सबंध अंग कोणीतरी हलकेंच पिळून ठेविल्यासारखें तिरपें दिसतें. ही नुसती शोभा नव्हे. कॅलिफोर्नियांत लिओ फेंडर नांवाचे, मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ होते. त्यांस स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. त्यांच्या कारखान्यानें १९५८ सालीं ‘जॅझमास्टर’ काढली ती जॅझ वाजविणाऱ्यांसाठीं. ते लोक खुर्चीवर बसून वाजवितात, म्हणून मांडीवर ठेवितांच तोल सांभाळला जावा अशा बेतानें ही कमर सरकविली. १९६२ सालीं तिची धाकटी बहीण ‘जॅग्वार’ निघाली.

गंमत अशी कीं ज्यांच्यासाठीं ती केली त्यांनीं ती फारशी घेतलीच नाहीं. घेतली ती समुद्रकांठच्या तरुण वाद्यवृंदांनीं. पुढें मागणी ओसरली. जॅग्वार १९७५ सालीं व जॅझमास्टर १९८० सालीं बंद पडली. जुन्या गिटारी मोडीच्या भावानें दुकानांतून पडून राहिल्या, आणि ज्यांच्या खिशांत पैसे नव्हते अशा पोरांच्या हातीं त्या गेल्या. न्यूयॉर्कचे ‘सॉनिक यूथ’, आयर्लंडचे ‘माय ब्लडी व्हॅलेंटाईन’, ‘निर्वाणा’चा कर्ट कोबेन यांनीं त्यांवर नवें संगीत उभें केलें. मग कारखान्यालाही त्या पुन्हां काढाव्या लागल्या. आज १९६० च्या आसपासच्या मूळ गिटारी लाखांनीं विकल्या जातात. आपण मध्यमवर्गीयांनीं पाहावयाची ती त्याच कंपनीची ‘स्क्वायर’ नांवाची स्वस्त मालिका.

भाचीनें चित्रें पाहून एक रंग पसंत करून ठेविला होता व ती संगणकावरूनच मागविणार होती. तेवढें आम्हीं निक्षून मोडून काढलें. लग्नाच्या मुलीचा फोटो पाहून होकार देण्याचे दिवस गेले. वाद्याच्या बाबतींत ते कधींच नव्हते. दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे नागपुरास गेलों.

दुकानांत तिच्यापुढें तीन गिटारी होत्या. जॅझमास्टरच्या घाटाची एक, जॅग्वारच्या घाटाची एक, आणि दुकानदारानें स्वतः होऊन पुढें केलेली तिसरी सरळ टेलिकास्टर. त्याचें म्हणणें असें कीं, तिरप्या कमरेच्या गिटारी खोडकर असतात, टेलिकास्टर गरीब गाय आहे. हें म्हणणें विकण्याच्या हेतूनें असेल, पण खोटें नव्हे. ज्यास स्वतः स्क्रू-पाना हातांत धरावयाचा नाहीं त्यानें टेलिकास्टरच घ्यावी असें आम्हीही सांगूं.

तारेची मोकळी लांबी जॅझमास्टरमध्यें २५.५ इंच, जॅग्वारमध्यें २४ इंच. लहान लांबीमुळें पडदे जवळ जवळ येतात, बोटें कमी ताणावीं लागतात, आणि तारही सैल लागते. भाचीचा पंजा लहान, म्हणून आमचा कौल जॅग्वारकडे होता. परंतु तिनें दोन्ही मांडीवर घेऊन तास दीड तास वाजविल्या. जॅग्वारवर बटणें पुष्कळ. तिला त्यांचा कंटाळा आला. जॅझमास्टरचें पिकअप रुंद व चपटें असल्यामुळें तिचा सूर गोल आणि भरदार लागतो. तो तिला सोडवेना. वजन मात्र चार किलोच्या आसपास. उभें राहून वाजविणारास तें जाणवेल. ही बसून वाजविणार होती. आठ दिवसांत बदलून देण्याची कबुली घेऊन जॅझमास्टर आणली.

घरीं आणल्यावर पहिला खर्च निघाला तो गिटारीचा नव्हे, भिंतींतल्या विजेचा. ध्वनिवर्धक लावतांच मोठी गुणगुण सुरू झाली, आणि तारांना हात लावला कीं बोटांना किंचित् झिणझिण्या येऊं लागल्या. वाचकांनीं ही गोष्ट विनोदावारीं नेऊं नये. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारा ध्वनिवर्धकामार्फत जमिनीशीं जोडलेल्या असतात. घरांत अर्थिंग धड नसेल तर वाजविणाराच्या जिवाशीं गांठ पडते. आम्हीं तत्काळ वाजविणें थांबविलें व वायरमनला बोलाविलें. खोलींतल्या बोर्डाला तीन भोंकें होतीं, पण वरच्या भोंकास तारच जोडलेली नव्हती! मेहुण्यांच्या वेळेपासून घरांतला फ्रीज व इस्त्री त्याच भरंवशावर चालत होतीं. अर्थिंग नव्यानें घातल्यावर झिणझिण्या गेल्या, गुणगुणही पुष्कळ उतरली. उरलेली गुणगुण एकेरी वेढ्याच्या पिकअपला विजेच्या ५० आवर्तनांची लागण होते तिची. ट्यूबलाइट मालविली, किंवा या गिटारींतले परस्पर उलट वेढ्यांचे दोन्ही पिकअप एकदम चालू ठेविले, कीं ती बहुतांशीं दबते. वायरमनचें बिल ताईंनीं दिलें आणि त्या दिवसापासून छपराचा विषय काढला नाहीं.

दुसरी अडचण नाजूक होती. तिसऱ्या रात्रीं भाची ध्वनिवर्धकावांचून हळू वाजवीत असतां एका तारेतून किरकिर येऊं लागली. “दुकानदार म्हणत होता तेंच खरें झालें,” असें म्हणून ती रडकुंडीस आली. ताई म्हणाल्या, “अजून पांच दिवस आहेत, परत देऊन ये.” तेवढ्यांत पलीकडून आजींचा आवाज आला, “इकडे आण पाहूं.” भिंत पातळ खरीच! आजींच्या माहेरीं मिरजेचा तंबोरा होता. लग्नापूर्वीं त्या गात असत, हें आम्हांसही त्या रात्रींच कळलें. त्यांनीं डोळे मिटून तीच तार चार वेळां वाजवावयास सांगितली. मग म्हणाल्या, “ही जवारी नव्हे ग. जवारी तार छेडल्यापासून विरेपर्यंत तिच्या संगतीनें उमलत जाते. हें नुसतें टोंकाशीं खडखडतें. कांहीं तरी सैल झालें आहे.”

आम्ही या निदानापुढें थक्क झालों. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा कानस लावून असा उतरवितात कीं तार तिला निसटती चाटत राहावी. सुताचा दोरा सरकवून तो झंकार लावून घेतात. हें नादाचें जाणूनबुजून केलेलें लेणें. जॅझमास्टरची घोडी मुळांतच दोन पायांवर डुलती ठेविलेली असते, कारण सूर थरथरविण्याची दांडी दाबली कीं तारांबरोबर तिनें झुलावें अशी योजना आहे. तिच्यावर तारा उंचसखल करण्याचे बारीक स्क्रू असतात. १९५८ सालीं गिटारीस जाड तारा लावीत. त्यांच्या दाबानें सगळें जागच्या जागीं बसे. पुढें बारीक तारांची चाल पडली, दाब कमी झाला, आणि ते स्क्रू थरथरून सैल होऊं लागले, तारा खांचेतून निसटूं लागल्या. तेव्हां दोष वाद्याचा म्हणावा कीं बदललेल्या चालीचा, हें ज्याचें त्यानें ठरवावें. जे. मॅसिस या वादकाच्या नांवानें २०११ सालीं निघालेल्या स्क्वायर गिटारींत ही डुलती घोडी काढून दुसऱ्या जातीची बसविली आहे. ज्यांस खटपट नको त्यांनीं तीही पाहावी.

भाचीनें भिंग लावून पाहिलें तों खरोखरच एक स्क्रू अर्धा फिरला होता. मग आम्हीं रविवारचा दिवस त्यांतच घातला. बारीक तारा काढून ११ नंबरच्या जाड तारा लावल्या. मान उतरवून तिच्या बुडाशीं पातळ लांकडाची पाचर दिली, म्हणजे मान किंचित् मागें कलते, घोडी उंच घ्यावी लागते, आणि तारेचा दाब वाढतो. पाचर गांवांतल्या सुतारानें सागवानाच्या ढलपीची करून दिली व पैसे घेतले नाहींत. स्क्रू पुन्हां हालूं नयेत म्हणून प्रत्येकावर नखांना लावावयाच्या रंगाचा एकेक थेंब टाकला. ही युक्ति पुष्कळ वादक करतात. किरकिर गेली. गिटार परत करण्याची मुदत मंगळवारीं संपली, आणि कोणीही तिची आठवण काढली नाहीं.

आजींना या वाद्यांतली एकच गोष्ट मनापासून आवडली आहे. जॅझमास्टरच्या घोडीपलीकडे तारांची कांहीं लांबी मोकळी राहते. पुढें सूर लागला कीं ती मागें आपोआप गुंजते. “ही हिची तरफ,” असें आजी म्हणतात. हेडफोनमध्यें ती गुंज त्यांना ऐकूं येणार नाहीं, म्हणून रात्रीं निजण्यापूर्वीं भाची त्यांच्या खाटेवर बसून कांहीं न जोडतां दहा मिनिटें वाजविते. झोंपेची तक्रार अद्याप आलेली नाहीं.

पडवीचें छप्पर यंदा ताडपत्रीवर निभवावयाचें ठरलें आहे. विदर्भाचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि मागोमाग धानाच्या बांध्या भरल्या कीं हवेंत सारखी ओल. या फरकानें गिटारीची मान कमी-अधिक वांकते. ती सरळ करण्यास मानेच्या आंत पोलादी सळई असते. तिचा पिळा एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक फिरवूं नये. ज्येष्ठ संपल्यावर तें काम करावें लागेल. सळईची चावी देवघराजवळच्या कपाटांत दुसऱ्या खणांत ठेविली आहे, हें आम्हीं ताईंनाही दाखवून ठेविलें आहे.