सीझन सुरू होण्याआधीच ठरतो!

परवा मेसमधून येऊन जरा टेकलो, तर रूम पार्टनर मोबाईलवर अमेरिकन फुटबॉल बघत बसलेला. म्हटलं, "कुणाची मॅच?" तर म्हणे, "मॅच नाही रे, प्रॅक्टिस आहे." च्यायला! आपल्याकडे स्वतःची प्रॅक्टिस करायला कुणी उठत नाही आणि हा दुसऱ्यांची बघतोय!

पण मग मीही बघत बसलो. तिकडच्या एनएफएलमध्ये जुलैअखेरीस प्रत्येक संघाचं शिबिर भरतं. ९० खेळाडू येतात, सीझन सुरू होताना मुख्य यादीत ५३ उरतात. साखळी सामने फक्त १७. त्यासाठी ही सगळी माणसं भर उन्हात ढकलाढकली, धावणं आणि तीच ती चाल पुन्हा पुन्हा करत असतात. टाळ्या नाहीत, गुण नाहीत. पण नाव राहणार की कटणार, ते तिथंच ठरतं.

आता आपल्याकडे या. मित्रांनो, आपल्या कॉलेजची कबड्डी टीम कधी तयार होते? नोटीस बोर्डावर आंतर-महाविद्यालयीन स्पर्धेचा कागद लागला की! आठ दिवस आधी. त्यातले दोन दिवस टी-शर्टच्या रंगावरून भांडण्यात जातात. मागच्या वर्षी मीही त्या टीममध्ये होतो. पहिल्याच सामन्यात आमचा डावा कोपरा रेडरच्या मांडीला भिडला, पाय मातीत रुतला आणि गुडघा तेवढा फिरला. लिगामेंट गेलं. सबमिशनच्या दिवसांत तो वॉकर घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबला चढत होता. सगळे म्हणाले, "नशीब!" मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. दुखापत सराव करणाऱ्यालाही होते, मान्य. पण आठ दिवसांपूर्वीपर्यंत ज्या गुडघ्यानं मेसपर्यंतच चालायचं काम केलं, त्याच्याकडून आपण एकदम पकडीची अपेक्षा केली. हे नशीब नाही, हा आपला हलगर्जीपणा आहे. त्यात मीही आलो.

अमेरिका लांब राहिली, आपली पुणेरी पलटण घ्या. २०२२ च्या डिसेंबरात प्रो कबड्डीच्या नवव्या सीझनची फायनल पलटण जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. मग पुढच्या सीझनला साखळीत ९६ गुण घेऊन पहिला नंबर, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणाला २८-२५ हरवून पहिलं विजेतेपद! कॅप्टन कोण? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार. त्या फायनलला पंकज मोहितेनं एकाच चढाईत चार गुण आणले होते, आणि सामना जिंकला किती गुणांनी? तीन!

पण गोष्ट इथं संपत नाही. अकराव्या सीझनला अस्लमच्या गुडघ्यानं दगा दिला, तो अर्ध्यातून बाहेर गेला, आणि गतविजेती पलटण प्लेऑफलाही पोचली नाही. पुन्हा तयारी. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत पुन्हा फायनल, आणि दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हार. गंमत बघा, जिंकले तेव्हाही पलटणचे गुण २८ आणि हरले तेव्हाही २८! तीन गुण इकडचे तिकडे. नव्या सीझनची तयारी करताना या पोरांच्या डोक्यात हेच तीन गुण फिरत असणार. आणि ते तीन गुण फायनलच्या चाळीस मिनिटांत सापडत नाहीत. आधीच्या सहा महिन्यांत कुणीतरी एक चढाई जास्त मारलेली असावी लागते, साखळी धरताना शेजाऱ्याचा हात न बघता सापडावा लागतो.

मी सास्तूरचा. लोहारा तालुका, धाराशिव जिल्हा. गावाचं नाव सांगितलं की स्टाफमधले जुने सर लगेच विचारतात, "भूकंपातलं का?" हो, तेच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक विसर्जन करून झोपले होते. लातूर-उस्मानाबाद मिळून साडेसात हजारांवर माणसं गेली. माझा जन्म नंतरचा, मी फक्त ऐकलंय. पण सिव्हिलला आल्यावर कळलं, की माणसं मारली ती जास्त करून दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि डोक्यावरच्या मातीच्या जड माळवदानं. भूकंप काही नोटीस बोर्डावर तारीख लावून येत नाही. त्याची तयारी ज्या दिवशी भिंत बांधतो त्याच दिवशी झालेली असते, नाहीतर नसतेच. नव्या गावठाणातल्या घरांना जे काँक्रीटचे पट्टे दिले, ते रोज काहीच काम करत नाहीत. एका दिवसासाठी थांबलेत.

कबड्डीची आणि भूकंपाची बरोबरी मी करत नाहीये. एकात ट्रॉफी जाते, दुसऱ्यात माणूस. पण "वेळ आली की बघू" ही आपली सवय दोन्हीकडे तीच असते. पीएल लागली की पुस्तक उघडायचं, व्हायवाच्या आदल्या रात्री जर्नल उतरवायचं आणि नोटीस लागली की शॉर्ट्स शोधायची. असला इंजिनिअर उद्या साइटवर उभा राहिला तर काय करेल?

आता काही जण म्हणतील, "पलटणच्या पोरांना पैसे मिळतात, आम्हाला केटी मिळते!" मुद्दा बरोबर आहे. त्यांचा तो धंदा आहे, आपलं मुख्य काम अभ्यास. म्हणून मी त्यांच्यासारखं दिवसभर राबा असं म्हणतच नाही. पण आमच्याच जिल्ह्यातली सारिका काळे कुठल्या लीगच्या लिलावातून मोठी झाली नाही. ती खो-खो खेळत राहिली, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कॅप्टन झाली, आणि २०२० ला अर्जुन पुरस्कार घेऊन आली. मैदान उस्मानाबादचंच होतं!

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. १५ जुलै हा बुवा साळवींचा जन्मदिवस, महाराष्ट्रात कबड्डी दिन. त्या दिवशी टीमचा सराव सुरू करायचा आणि वर्षभर चालवायचा. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सहा ते पावणेसात. पहिला महिना पकड नाही, चढाई नाही, फक्त पाय, गुडघे आणि दम. निवड नोटीस लागल्यावर नाही, हजेरी बघून. ओळखीचा म्हणून कुणी टीममध्ये नको, मीसुद्धा.

आणि सरांना एकच विनंती, मैदानावर गाड्या लावणं तेवढं बंद करा. चाकोऱ्या पडलेल्या जमिनीवर घोटा मुरगळायला रेडर लागत नाही.

बाकी, डावा कोपरा आता बरा आहे. खेळणार नाही म्हणतो, पण शिट्टी घेऊन उभा राहतो म्हणालाय. पहिल्या दिवशी किती जण येतात बघू. सात आले तरी टीम होते!