न निघालेल्या धुराची हुंडी

हुंडी म्हणजे काय, हे पिढ्यान्पिढ्या माळव्यात राहिलेल्या आपल्या घराण्यांना शिकवावे लागत नाही. कागदाला किंमत असते ती त्यामागच्या मालाची आणि सही करणाऱ्या पेढीच्या लौकिकाची. कार्बन क्रेडिट हीसुद्धा एक हुंडीच. मात्र तिच्यामागचा माल चमत्कारिक आहे. जो एक टन कार्बन वायू हवेत जाणार होता आणि गेला नाही, त्याची ही हुंडी. न निघालेला धूर कोणाला दिसत नाही. म्हणूनच तो खरोखर निघणार होता का, हा प्रश्न या व्यवहाराचा प्राण आहे.

अलीकडे अरेरा कॉलोनीत गच्चीगच्चीवर सौर पॅनेल दिसू लागली आहेत आणि त्यांच्याबरोबर एक तक्रारही ऐकू येते : आम्ही स्वच्छ वीज निर्माण करतो, मग आमचे क्रेडिट परदेशी बाजारात का विकले जाऊ नये? केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये, पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाखाली परदेशांशी व्यापार करता येईल असे १३ प्रकार जाहीर केले. त्यांत हरित हायड्रोजन, समुद्रातील पवनऊर्जा, भरती-ओहोटीची वीज, दाबयुक्त जैववायू, विमानांचे शाश्वत इंधन इत्यादी आहेत. सौरविजेला स्थान आहे, पण साठवणुकीसह आणि साठवलेल्या भागापुरतेच. साधी गच्ची त्यात नाही, वृक्षलागवडही नाही. अनेकांना हा अन्याय वाटतो. माझ्या मते यादीचा हा भाग सर्वथा योग्य आहे.

गच्चीवरचा संच मुळात स्वतःचा खर्च स्वतःच भागवतो. २०२४ च्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान ठेवले गेले. शिवाय बिल वाचते ते वेगळे. क्रेडिट नसते तरी तो बसलाच असता. दुसरे असे की, पॅरिस करारात विकलेली घट विकणाऱ्या देशाच्या खात्यातून वजा होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागचे उत्सर्जन २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी उतरवण्याचे वचन भारताने दिले आहे. स्वस्तातली घट परदेशाला विकून टाकली, तर ते वचन पाळण्यासाठी महागडी घटच आपल्या वाट्याला उरेल. सुगीत घरचे धान्य पडत्या भावाने विकावे आणि आषाढात तेच चढ्या भावाने आणावे, असा हा व्यवहार होईल.

ज्यांना हा काटेकोरपणा जाचक वाटतो त्यांनी सिंगरौलीकडे पाहावे. क्योटो कराराच्या काळात आपल्याच राज्यातला सासनचा ३,९६० मेगावॉटचा कोळशाचा वीजप्रकल्प 'स्वच्छ विकास यंत्रणे'त पात्र ठरून नोंदला गेला. युक्तिवाद असा की, सुपरक्रिटिकल तंत्रामुळे तो इतरांपेक्षा कमी कोळसा जाळील. पण अशा महाप्रकल्पांत हे तंत्र वापरायचे, हे केंद्राच्या मूळ योजनेतच ठरलेले होते. सासनचा प्रकल्प तर २००७ मध्ये युनिटला १ रुपया २० पैशांच्या आतल्या दराने देण्यात आला होता. मग क्रेडिटमुळे टळला तो धूर कोणता? घट फुगवून दाखवली जाते म्हणून नोव्हेंबर २०११ मध्ये यंत्रणेच्या कार्यकारी मंडळाने अशा प्रकल्पांची मोजणीपद्धत स्थगित केली. एप्रिल २०२० मध्ये सासनचा राखेचा बंधारा फुटला. माणसे दगावली, शेते राखेखाली गेली. कागदावर जो स्वच्छ, त्याच्या दारातले हे चित्र. सासन अपवादही नव्हते. २०१६ मध्ये जर्मनीच्या ओको संस्थेने युरोपीय आयोगासाठी केलेल्या अभ्यासात, तपासलेल्यांपैकी ८५ टक्के प्रकल्पांमुळे खरी, जादा घट झाली असण्याची शक्यता कमीच आढळली.

झाले गेले ते जुन्या करारातले, असे कोणी म्हणेल. परंतु २०२३ च्या यादीतही 'उत्सर्जन घटवण्यास कठीण अशा उद्योगांतील सर्वोत्तम उपलब्ध तंत्रज्ञान' हा प्रकार आहे. सासन ज्या दाराने आत आले, तेच हे दार. यादी पहिल्या तीन वर्षांसाठी म्हणून आली होती. ती बदलताना उद्योगांचा रेटा ती सैल करण्याकडेच असणार. म्हणून आपण दोन अटींचा आग्रह धरला पाहिजे. 'क्रेडिट नसते तर काय घडले असते' याचा संपूर्ण हिशेब मंजुरीपूर्वी स्थानिक लोकांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावा आणि ग्रामसभेच्या हरकती ऐकल्या जाव्यात. तसेच, आलेल्या पैशातून प्रकल्पाच्या परिसराला काय मिळाले, ते दरवर्षी जाहीर व्हावे. कागदावरची सुरक्षितता आणि प्रत्यक्ष यांतले अंतर डिसेंबर १९८४ मध्ये ज्या शहराने सोसले, त्याने ही मागणी करायची नाही तर कोणी करायची?

आणि हा प्रश्न केवळ नीतीचा नाही. २००८ मध्ये २० युरोंच्या आसपास विकले जाणारे क्योटोचे क्रेडिट २०१२ अखेर एका युरोच्याही खाली गेले. युरोपातली मागणी आटली होती हे खरे. पण ढिल्या पात्रतेमुळे बाजारात कागदांचा पूर आला होता, हेही तितकेच खरे. त्या पुरात खोट्या हुंड्यांबरोबर खऱ्याही बुडाल्या.