साखर वाढली म्हणजे मधुमेह झाला असं नव्हे

मूल गच्चीवरून किंवा दुचाकीवरून पडलं, डोक्याला जबर मार लागला, की दवाखान्यात रक्तातली साखरही तपासतात. आकडा २००-२५० आला की घरचे हादरतात. ‘आमच्या खानदानात कुणाला शुगर नाही,’ असं अब्बा सांगतात. नानी चॉकलेटांचा हिशेब काढते. मुलगी असेल तर कुणीतरी हळूच म्हणतं, ‘बाहेर बोलू नका, उद्या रिश्त्याला अडचण येईल.’

यात ना खानदानाचा दोष, ना चॉकलेटांचा. मेंदूला मार बसला की अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसोल ही संप्रेरकं वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. कालपर्यंत ठणठणीत असलेल्या मुलाचीही साखर अशी चढते आणि बहुतेकदा काही दिवसांत उतरते. आधीपासून मधुमेह होता का, ही शंका असेल तर मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी असते.

पण आकडा दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. ज्या मुलांची साखर खूप चढते आणि चढलेलीच राहते, त्यांचं बरं होणं जास्त कठीण जातं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. साखर स्वतः इजा वाढवते की इजा मोठी असल्याची ती खूण आहे, यावर डॉक्टरांत अजून वाद आहे.

मग इन्सुलिन देऊन ती झटपट उतरवावी का? अमेरिकेत अतिदक्षता विभागातल्या, वेगवेगळ्या कारणांनी अत्यवस्थ असलेल्या मुलांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली आले. साखर ८० ते ११० दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न झालेल्या मुलांना १५० ते १८० वाल्यांपेक्षा काही फायदा झाला नाही. उलट साखर धोकादायक घसरण्याचे प्रसंग वाढले. मेंदू मुख्यतः साखरेवरच चालतो, म्हणून ही घसरण त्याला फार महाग पडते. डॉक्टर ‘थोडं थांबून बघू’ म्हणाले, तर त्याला हलगर्जीपणा समजू नका. साखर पुन्हा कधी तपासणार, एवढं जरूर विचारा.

अर्धवट शुद्धीतल्या लेकराच्या तोंडात चमचाभर शहद किंवा जमजमचं पाणी घालावं, असं आईला वाटणारच. शहदात शिफा आहे, ही आपली श्रद्धा आहे. पण गिळता न येणाऱ्या मुलाच्या श्वासनलिकेत तो घोट जाऊ शकतो. उशाशी बसून दुआ करा. तोंडात काही घालण्याआधी सिस्टरला विचारा. आणि साखर वाढली म्हणून नळीतून मिळणारं अन्न बंद करा, असा हट्टही धरू नका. जखमी मेंदूला पोषण लवकर मिळावं लागतं.

यानंतर आमची, शिक्षकांची पाळी येते. साखर उतरलेली असते, टाके सुकलेले असतात. पण मुलाचं लक्ष टिकत नाही, पाठ केलेलं आठवत नाही, राग चटकन येतो. अशा मुलाला आळशी किंवा बिघडलेला ठरवणं हा अन्याय आहे. त्याला सुरुवातीला कमी तास, कमी गृहपाठ आणि मधे विश्रांती द्यायला हवी. पण शिक्षकाला काही माहीतच नसेल तर तो हे करणार कसं? म्हणून डिस्चार्ज कार्ड कपाटात लपवू नका, त्याची प्रत शाळेत द्या. रिश्त्याची काळजी पुढे करता येईल. आज त्या मुलीला वर्गात सांभाळून घेणारं कुणीतरी हवं आहे.