माळवद गेलं, आता काम रंगाचं

दसरा तोंडावर आला की लातूरच्या गंजगोलाईपासून नांदेडच्या वजिराबादपर्यंत रंगाच्या दुकानांत शेडकार्डं उलगडली जातात. सध्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये एकच घर असतं: बाहेरून गडद राखाडी, मधून कॉफी रंगाचा पट्टा. ते घर कुठल्या हवेतलं आहे, हे कुणी विचारत नाही. ज्या गावात मे महिन्यात पारा 42 अंशांवर जातो तिथे बाहेरच्या भिंतींना, त्यातही पश्चिमेच्या भिंतीला, गडद रंग देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या आजोबांना हा प्रश्न पडला नाही, कारण त्यांच्या डोक्यावर माळवद होतं. लाकडी तुळया आणि किलचणं, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंती दगडमातीच्या, हातभर रुंद. ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्याच भिंती आणि तीच माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार जीव गेले. त्यानंतर माळवदाची जी धास्ती बसली ती रास्तच होती. गावोगावी स्लॅब आणि पत्रे आले. पण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडत राहतो. माळवद जे काम करत होतं, त्यातलं थोडं तरी आता रंगानं करायला हवं.

म्हणून खर्चाची सुरुवात हॉलपासून नको, गच्चीपासून करा. होळी झाली की गच्ची धुऊन चुन्याचे दोन हात द्या. चुना रात्रभर भिजवून गाळून घ्या, त्यात थोडं फेविकॉल मिसळलं की तो लवकर सुटत नाही. पावसाळ्यात धुपतो, दरवर्षी द्यावा लागतो, तरी पंख्याखाली झोपणाऱ्याला फरक कळतो. भिंतींना दुधी, फिकट पिवळसर, फिकट मातकट असे रंग घ्या. आणि खाली हातभर उंचीचा गेरूचा पट्टा ठेवा. जुन्या घरांना तो शोभेपुरता नव्हता. पावसाचे शिंतोडे, सड्याचे डाग, रानातून उडून आलेली काळी धूळ त्यात जिरून जायची. गेरूच्याच छटेचा बाहेरचा रंग आता डब्यात मिळतो.

रंगाच्या कंपनीला दोष देण्याआधी पाणी पाहा. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा भागात बांधकाम बोअरच्या पाण्यावर होतं आणि ते पुष्कळदा खारं असतं. प्लास्टर वाळताना क्षार वर येतात, भिंतीला लोणा लागतो आणि महागडा रंग पुट्टीसकट पोपडे होऊन गळतो. नव्या घराला पहिला उन्हाळा नुसत्या चुन्यावर काढू द्या. लोणा दिसला तर कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुऊ नका. पाण्याबरोबर क्षार पुन्हा भिंतीतच मुरतो.

आता लाकूड. किनवट-माहूरच्या जंगलातलं सागवान आपल्या वाड्यांच्या चौकटींत, खांबांत आहे, आणि त्याच्यावर चॉकलेटी ऑइलपेंटचे थरांवर थर चढवलेले पाहून माझा जीव तुटतो. त्या लाकडाच्या रेषा पुन्हा दिसू द्याव्यात. मात्र खरवडताना फार जपा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 90 च्या वर नसावं, हा नियम देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर त्याची भुकटी श्वासात जाते. पॉलिश पेपर ओला करून घासा आणि काम संपेपर्यंत लहान मुलं, गरोदर बाई घरात नसावी.

लाखेचं पॉलिश आतल्या कपाटांना, देव्हाऱ्याला शोभतं. पाणी लागलं की त्यावर पांढरे डाग उठतात. उन्हातल्या दाराला ते नकोच, आणि चकचकीत वार्निशही ऊन खाऊन तडकतं. अशा दाराला बेलतेल द्या. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच जवसाचं हे उकळलेलं तेल. फडक्यानं पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासानं उरलेलं तेल पुसायचं, दुसरा हात तो वाळल्यावरच. दरवर्षी एक हात पुरतो. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. काम झालं की ती पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा, आणि रंगाऱ्यालाही हे आधी सांगून ठेवा.