सुकटीचा वास आणि प्रहोकची वाटी



गेल्या वर्षी महिनाभर भाचीकडे अमेरिकेत राहून आले. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहरात ती नोकरी करते. एका रविवारी सकाळी म्हणाली, "मावशी, आज स्वयंपाकाला सुट्टी. तुला कंबोडियाच्या लोकांच्या हॉटेलात नेते."

तिथे अनाहाइम स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. त्याच्या एका भागाला २००७ साली 'कंबोडिया टाउन' हे नाव मिळाले. दुकानांवर ख्मेर लिपीतल्या पाट्या दिसतात. हॉटेल साधेच, दहा-बारा टेबलांचे. गल्ल्याजवळ भगवान बुद्धांची लहान मूर्ती, पुढे फळे ठेवलेली. माझे हात आपोआप जोडले गेले.

पदार्थांच्या यादीत कंबोडियाबरोबर व्हिएतनाम, थायलंड, चीन असे सगळेच होते. मला ती भेसळ वाटली. पण मालकिणीच्या मुलीने सांगितले, की त्यांचा सकाळचा आवडता पदार्थ 'कुयतिएव' हाच मुळी चिनी वस्तीकऱ्यांबरोबर कंबोडियात आला. पुढे तो व्हिएतनाममध्ये गेला आणि तिथे नॉम पेन्ह शहराच्या नावाने ओळखला जातो. शेजारणीची आमटी आपल्या घरी येते आणि आपलीच होऊन जाते, तसे हे!

कुयतिएव म्हणजे तांदळाच्या शेवया आणि डुकराच्या हाडांचा तासन् तास उकळलेला रस्सा. वर मटणाच्या चकत्या, कोळंबी, तळलेला लसूण आणि कांद्याची पात. मोड आलेले मूग, लिंबू आणि मिरची वेगळ्या ताटलीत. ज्याने त्याने आपल्या चवीने घालावे. एक मोठा वाडगा संपवला की दुपारपर्यंत भूक नाही.

मग आली प्रहोकची वाटी. टोनले साप सरोवरातली मासळी मीठ लावून आंबवतात, ती प्रहोक. खिमा आणि नारळाच्या दुधात शिजवून कच्च्या भाज्यांबरोबर खातात. वाटी जवळ येताच मी नाक मुरडले. भाची हळूच म्हणाली, "मावशी, आठवतंय? चाळीत आपल्याकडे सुकट भाजली की समोरची बाई दार लावून घ्यायची."

मी गप्प झाले. त्या बंद दारामागचा अपमान मी लहानपणी गिळला होता. आणि आज तेच मी दुसऱ्याच्या अन्नाला करीत होते! पावसाळ्यात भाजी परवडत नसे, तेव्हा सुकटीनेच आमचे घर तारले. प्रहोकही तसाच, मासळी नसलेल्या दिवसांत गरिबाच्या भाताला चव देणारा. एक घास घेतला. खारट, उग्र, पण चव ओळखीची निघाली.

गर्दी ओसरल्यावर मालकीणबाई शेजारी येऊन बसल्या. मुलगी त्यांचे बोलणे इंग्रजीत सांगत होती, भाची मला मराठीत. १९७५ ते १९७९ या काळात कंबोडियात ख्मेर रूजची राजवट होती. उपासमार, रोगराई, राबणूक आणि हत्या यांत १५ ते २० लाख माणसे गेली. भिक्खूंची चीवरे उतरवली, विहार ओस पडले. बाई तेव्हा लहान होत्या. त्या म्हणाल्या, "आमची भांडीसुद्धा काढून घेतली. घरात चूल पेटवायची नाही. सगळ्यांनी एकत्र बसून पाण्यासारखी पेज प्यायची. कुणी गुपचूप शिजवले तर शिक्षा."

मग स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्याकडे बोट दाखवून हसल्या, "आता हे माझे आहे."

भगिनींनो, ते वाक्य मनातून जात नाही. आपली चूल आणि आपल्या हाताची चव ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे जिच्याकडून ती हिरावली गेली तिलाच ठाऊक. ऑफिसात डबा उघडायला लाजणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे सांगा. आपल्या सुकटीची लाज नको आणि दुसऱ्याच्या वाटीला नाक मुरडणेही नको.

निघताना मी त्यांना "ऑकुन" म्हटले. ख्मेरमध्ये आभार मानायचा हा शब्द. त्यातला 'कुन' म्हणजे आपलाच 'गुण'. बाईंनी दोन्ही हात जोडले. मीही जोडले.

जय भीम!